न उपसलेलं पाणी

३ मार्च

दादा,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या भावाला जे जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समज. खरं तर लिहून खोडलं. वाचून तू "आली मोठी" म्हणाला असतास.

अडीच वर्षांनी लिहितेय. नवा पत्ता भाचीने दिला. तिला रागावू नकोस, मीच तिच्या मागे हात धुऊन लागले होते. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी पहिल्या वाक्यालाच आपलं भांडण होईल. पत्राला निदान मधेच तोडता येत नाही.

माझं ठीक चाललंय. अजून त्याच दोन खोल्या, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या कुंपणाला लागून. मला आता वास येत नाही. पाहुण्यांना येतो, पण पाहुणेच येत नाहीत, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. सकाळी आठला जीप येते. बाटल्यांची पेटी, बर्फ, नोंदवही, आणि तोच ड्रायव्हर, एकच गाणं अर्धवट गुणगुणणारा. वीस वर्षांत त्याने दुसरं कडवं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शहराभोवतीच्या निरीक्षण विहिरी आता चाळीस झाल्यात. तू त्यांना विहीर म्हणायला कधी तयार नव्हतास. "मूठ जात नाही तिच्यात, विहीर कसली? नळी म्हण नळी." जमिनीत खोल उतरवलेला दोन इंची पाइप, वर कुलूप लावलेलं झाकण. त्यातून पाणी काढायचं, बाटलीत भरायचं, लॅबला द्यायचं, म्हणजे जमिनीखाली कोण काय मुरवतंय ते कळतं. वहिनी म्हणायची, "हिच्याशी माणसांपेक्षा पाणीच जास्त बोलतं." तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

तुमचा कारखाना बंदच आहे. गेटवर वेल चढलाय. त्या बाजूला काम असलं की मी ड्रायव्हरला लांबचा रस्ता घ्यायला सांगते आणि तो का म्हणून विचारत नाही.

दादा, मी अहवाल दिला तो नियमाने दिला. पाण्यात जस्त मर्यादेच्या दुपटीवर होतं. शेजारी जस्ताचा मुलामा देणारा कारखाना होता आणि तू तिथला फोरमन होतास, म्हणून मी डोळे मिटायचे होते का? हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. मला फूटपट्टी हे नाव तूच ठेवलंस. फूटपट्टी माणूस बघून लांबी सांगत नाही.

गुडघा कसा आहे? उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही.

तुझी धाकटी


१९ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. पोस्टमन इकडे दोन दिवसांआड येतो आणि मी दोन दिवसांआड काहीतरी कारण काढून फाटकाशी उभी राहते. त्याला वाटतं मी झाडांना पाणी घालते. घालतेही. झाडं बिचारी बुडायच्या बेतात आहेत.

एक गंमत सांगते. म्हणजे गंमत नाही, पण तुझ्याशिवाय सांगायला कोणी नाही. गेल्या आठवड्यात एका शाळेमागच्या विहिरीत जस्त निघालं. बरंच. लॅबमधली बाई नमुन्याचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. ती कामाची पक्की आहे, पण बोलायला लागली की नुसती तिरकी बोलते. म्हणाली, "मॅडम, शाळेत मुलामा चढवतात वाटतं पोरांना?"

मैलभरात कारखाना नाही. शेतं आणि शाळा. मी म्हटलं, नमुना कोणी घेतला? नव्याने लागलेल्या इंजिनिअरने. त्याला बोलावलं. किती पाणी उपसलंस? तो खाली बघायला लागला. म्हणाला, "मॅडम, वर जे होतं तेच भरलं."

मी त्याला झाप झाप झापलं. अर्धं ऑफिस ऐकत होतं. तुला आठवत असेल, मी सांगितलं होतं, या जुन्या पाइपांना आतूनबाहेरून जस्ताचा थर असतो. पाणी महिनोन्महिने त्यात साचून राहिलं की तो थर पाण्यात उतरतो. म्हणून आधी साचलेलं पाणी उपसून फेकायचं. दोरीला बांधलेलं लांबट नळकांडं आत सोडायचं, ओढायचं, ओतायचं, साठ वेळा. साठ लिटर गेले की जमिनीतलं खरं पाणी येतं, तेव्हा बाटली भरायची. तासभर लागतो, दंड भरून येतात. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवते.

पोरगं रडवेलं झालं. मी खुर्चीत येऊन बसले आणि नोंदवही काढली, त्याची नव्हे, माझी. पुढचं आज लिहीत नाही.

तुझी धाकटी


७ एप्रिल

दादा,

तीन आठवडे हे पत्र लिहितेय. आता एका दमात लिहिते आणि परत न वाचता पेटीत टाकते.

तुमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीशी जी विहीर आहे, तिचं पाणी मी उपसलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून पाच विहिरी झाल्या होत्या. तुमची सहावी. ड्रायव्हर गाडीत झोपला होता. मी नळकांडं तीनदा सोडलं असेल, तेवढ्यात तुझा फोन आला. "काय करतेस? जेवायला ये. वहिनी थांबलीये, पोरगी उद्या निघेल." भाची दुसऱ्या दिवशी शिकायला बाहेरगावी जाणार होती. लॅब चारला बंद, पेटीतला बर्फ निम्मा वितळलेला. जेवून परत आले असते तर नमुने फुकट गेले असते. मी बाटल्या भरल्या. नोंदवहीत "उपसा" असा रकाना असतो, त्यात ६० लिहिलं. हात जराही अडखळला नाही. वीस वर्षं तोच आकडा लिहीत होते.

मग तुझ्या घरी आले, पोटभर जेवले, भाचीची थट्टा केली, वहिनीने बांधून दिलेला डबा घेतला. तुमची बाटली खाली गाडीत होती.

निकाल आला तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलं होतं. हेच लिहायला तीन आठवडे लागले. मीटिंगमध्ये साहेबांनी कागद बघितला आणि अगदी सहज विचारलं, "तुमचे बंधू तिथेच आहेत ना? मग असं करू, नमुना परत एकदा घेऊ. घाई काय आहे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. लॅबवाली बाई पेनाचं टोपण लावत होती, तीही थांबली. मला वाटलं, परत घ्या म्हटलं तर उद्या सगळे म्हणतील, भावासाठी कारखाना वाचवला. मी म्हटलं, "गरज नाही. नोंद स्पष्ट आहे."

त्या क्षणाला मला स्वतःचा अभिमान वाटला होता, दादा. घरी येऊन आरशात बघितलं होतं. तुझ्या जागी दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर मी निमूट परत जाऊन साठ वेळा पाणी उपसलं असतं. तू माझा भाऊ होतास म्हणून कारखान्याला दुसरी संधी मिळाली नाही.

मालक म्हातारा, थकलेला. त्याला निमित्तच हवं होतं. तो लढलाच नाही, बंदचा हुकूम घेतला आणि यंत्रं विकून मोकळा झाला. हे सगळं खरं आहे आणि मी अडीच वर्षं स्वतःला हेच सांगून झोपवलं.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते तू ठरव.

धाकटी


१६ एप्रिल

दादा,

परवा रविवार होता. ड्रायव्हरला न सांगता बसने गेले. झाकणाचं कुलूप गंजलं होतं, तेल घालून दहा मिनिटं झटापट केली. कारखान्याच्या वॉचमनने भिंतीवरून डोकावून बघितलं. म्हणाला, "बाई, आता काय घेताय त्याचं? सगळं तर घेऊन झालं." मी म्हटलं, "विसरलेलं एक राहिलंय." तो स्टूल घेऊन आला आणि भिंतीपलीकडून बघत बसला.

पहिली बाटली तशीच भरली, साचलेल्या पाण्याची. मग उपसायला लागले. बावन्न वय आहे माझं आणि ते काम पोराटोरांवर टाकायची सवय लागलीये. पंधरा झाले तेव्हा खांदा बोलायला लागला. तिसाला मी बसले. वॉचमन म्हणाला, "एकट्याच आलात होय?" मी हो म्हटलं. त्याने पलीकडून पाण्याची बाटली दिली, प्यायची. चाळिसानंतर मी मोठ्याने मोजायला लागले, तोही बरोबर मोजायला लागला. साठ झाल्यावर दुसरी बाटली भरली.

लॅबवाल्या बाईकडे दोन्ही दिल्या. खरं काय ते सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच तिरकं काही बोलली नाही. म्हणाली, "जस्तच नाही, सगळे धातू लावते. अर्धवट नको."

आज निकाल दिला. पहिल्या बाटलीत जस्त अकरा पॉइंट दोन, मर्यादा पाचची. दुसऱ्या बाटलीत शून्य पॉइंट चार. निकेल, क्रोमियम, बाकीचं काहीच नाही म्हणण्याइतकं. आणि कारखाना बंद झाला म्हणून आता निवळलं असंही नाही. जमिनीत एकदा शिरलेलं अडीच वर्षांत असं धुऊन निघत नाही, हे मला कोणी सांगायला नको. तुमच्या कारखान्यातून पाण्यात काहीही जात नव्हतं, दादा. तू सांगत होतास. दारात उभा राहून ओरडून सांगत होतास.

मी घरी आले, कपडे धुतले, भांडी घासली, मग करायला काहीच उरलं नाही आणि रडले.

धाकटी


४ मे

दादा,

साहेबांना लेखी दिलं. त्यांनी वाचलं, दार लावलं, पंखा वाढवला. म्हणाले, "बंद पडलेला कारखाना परत सुरू होतो का? माणसं पांगली. कशाला उकरताय?"

मी म्हटलं, "साहेब, नोंद खोटी आहे."

"एक नोंद खोटी म्हटलीत की तुमच्या सगळ्याच नोंदी संशयात येतील. वीस वर्षांच्या. चाळीस विहिरी. कळतंय का?"

कळत होतं. तेवढं एकच तर माझ्याकडे होतं, दादा. नवरा नाही, मूल नाही, तुमचं घर होतं ते मीच घालवलं. राहता राहिल्या नोंदवह्या. मी म्हटलं, "येऊ देत." त्यांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसला. माणूस वाईट नाही. त्यांनी कागद पुढे पाठवला.

तुमच्यावरचा बंदचा हुकूम मागे घेतला गेलाय. प्रत सोबत जोडली आहे. कागदावर तुमचा कारखाना निर्दोष आहे, फक्त तो आता कागदावरच आहे. मला बाहेरच्या कामावरून काढलं. रेकॉर्डच्या खोलीत बसवलंय, फायलींना क्रमांक घालते. मी झापलेला तो पोरगा माझ्या विहिरी परत तपासतोय, एकेक करून, साठ साठ वेळा. जाता-येता दारातून मान हलवतो. उट्टं काढत नाही, त्याचंच जास्त लागतं. ड्रायव्हर निवृत्तीपर्यंत आता त्याचा.

मी तिकडे येऊ का? एका दिवसासाठी. बसचं वेळापत्रक बघून ठेवलंय. तू दार उघडलं नाहीस तर मी तशीच परत फिरेन, शपथ.

धाकटी


२१ मे

तुझी पाचही पत्रं मिळाली. वहिनीने वाचून दाखवली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि तुझं अक्षर आहे तसंच आहे, मुंग्यांची रांग. हे पत्रही तीच लिहितेय, शब्द माझे.

मला माहीत होतं.

त्या दिवशी मी मागच्या दारात हवा खायला उभा होतो. तू वाकलेली दिसलीस. हाक मारणार होतो, पण तुझ्या कामात बोललेलं तुला चालत नाही, म्हणून फोन केला. जेवायला ये म्हटलं. नळकांडं तीनदाच ओढलं होतंस, फोन ठेवलास आणि सरळ बाटल्या भरल्यास. साठ वेळा उपसतात हे मला ठाऊक होतं, दंड दुखतात म्हणून तूच माझ्याकडून चोळून घ्यायचीस. वाटलं, आज नुसती बघायला आली असेल. महिन्याने नोटीस आली. तारीख वाचली आणि खाली बसलो.

मालकाच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो होतो. सांगितलं असतं तर कारखाना राहिला असता आणि तुझी नोकरी गेली असती. कडीला हात लावला आणि परत फिरलो. तुझ्या दारात येऊन ओरडलो, पण बघितलंय हे नाही बोललो. वाटलं, ही आपणहून म्हणेल. बत्तीस माणसं "फोरमन, काहीतरी करा" म्हणत माझ्याभोवती उभी होती. मी मूग गिळून गप्प. त्यांच्यासमोरून रोज जाणं जमेना म्हणून गाव सोडलं. लोकांना वाटलं बहिणीवर रागावून गेला. राग होताच. पण त्यातला निम्मा माझा मलाच होता. वहिनीलाही हे आत्ता लिहितानाच कळतंय. ती लिहायची थांबली होती. आता परत लिहितेय.

तू मला सांगितलंस ते बरं झालं. पण मला सांगून काय उपयोग, मी ते बघितलंच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. सोबत यादी जोडतोय, बत्तीस नावं, जमतील तेवढे पत्ते, प्रत्येकाबद्दल जे ठाऊक आहे ते. प्रत्येकाला वेगळं लिही. छापील एकसारखं पाठवलंस तर मी फाडून टाकीन. खाली माझ्या सहीला जागा सोड. मीही गप्प बसलो होतो, हे त्यात लिही. पत्रं इकडे पाठव, मी सही करून पुढे टाकतो.

यायचं म्हणतेस. आत्ता नको. आधी पत्रं.

गुडघा तसाच आहे.

दादा


२ जून

स. न.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या फोरमनने मला बत्तीस जणांची यादी दिली आहे, तिच्यात पहिलं नाव तुमचं आहे. नावापुढे त्याने लिहिलंय, "मुलाम्याच्या जस्ताच्या कुंडीवर सतरा वर्षं. कारखान्यामागेच घर. कारखाना बंद झाला त्याच वर्षी नातू आजारी पडला. सून म्हणाली तुमच्याच कुंडीचं पाणी पोराच्या पोटात गेलं. तेव्हापासून बोलत नाही. हाही म्हणतो, खरंच असेल. नातू आता बरा आहे."

मी त्या पाण्याची तपासणी करणारी इंजिनिअर. तुमच्या कारखान्यामुळे पाणी नासलं असं जे तुम्हाला सांगितलं गेलं, ते माझ्या अहवालावरून. तो अहवाल चुकीचा होता. विहिरीत साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं असतं, ते मी टाकलं नाही, आणि टाकलं असं लिहिलं. त्या पाण्यात पाइपाचंच जस्त उतरलं होतं. परत तपासायची वेळ आली तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून मी नको म्हटलं. तुमच्या फोरमनने मला त्या दिवशी बघितलं होतं आणि मी त्याची बहीण आहे म्हणून तो कोणाजवळ बोलला नाही. तुमचं काम गेलं ते आम्हा दोघांमुळे.

आता नीट तपासलं आहे. सगळे धातू तपासले. निकालाचा कागद सोबत आहे. आकडे कळले नाहीत तर कोणाकडून तरी वाचून घ्या, किंवा वर माझा पत्ता आहे तिथे या. चार शब्द सुनवायला आलात तरी या, मी घरीच असते.

नातू कशाने आजारी पडला ते मला सांगता येणार नाही, मी डॉक्टर नाही. पण तुमच्या कुंडीतलं काहीही त्याच्या पोटात गेलं नाही, हे मी लेखी देते. खाली माझी सही आहे आणि तिच्याखाली तुमच्या फोरमनची.

हे पत्र वाचून झालं की तुमच्या सुनेला द्या.